कार्ल्याचं सेलघर

कार्ल्याच्या मोठ्या लेण्याला आपण चैत्यगृह म्हणतो. वास्तुइतिहासकार फर्गसनने त्याची मांडणी चर्चच्या शब्दांत सांगितली: मधला नेव्ह, बाजूच्या आइल, टोकाला अर्धगोल ॲप्स. पण ज्यांनी कार्लं कोरलं आणि त्यासाठी दान दिलं, त्यांचे स्वतःचे शब्द तिथल्याच दगडावर ब्राह्मीत आहेत. मला तेच जास्त मोलाचे वाटतात.

वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल या वास्तूला ‘सेलघर’ म्हणतो आणि जंबुद्वीपात उत्तम म्हणून मिरवतो. सेल म्हणजे शैल. आणि घर तर आपलंच, दोन हजार वर्षांत एक अक्षरही न बदललेलं. आत ३७ खांब आहेत. त्यांतल्या काहींवर दात्याचं नाव आणि ‘थंभो दानं’ असा थोडका मजकूर. दाते बरेचसे धेनुकाकट गावचे, त्यांत यवनही. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा, तो ‘सिहथभ’. आपला ‘खांब’ संस्कृत स्कंभावरून आला; स्तंभाचा थंभ मराठीत ‘थांबणे’ या क्रियापदात राहिला.

दाराजवळचा एक लेख तर वाचावाच. धेनुकाकटच्या सामी नावाच्या वढकीने ‘घरस मुघ’ केलं, असं तो सांगतो. मुघ म्हणजे मुख. आजही आपण घराचं तोंड पूर्वेला आहे असंच म्हणतो. वढकी म्हणजे सुतार, संस्कृत वर्धकी. हिंदीत त्याचा बढई झाला, मराठीने मात्र सूत्रधारापासून सुतार घेतला. दगडातल्या दाराला सुतार कशाला, असं वाटेल. पण वर पाहा: छताच्या कमानदार फासळ्या खऱ्या लाकडाच्या आहेत, मूळच्या. सबंध घडणच लाकडी इमारतीची, फक्त डोंगरात उतरवलेली. एका भिक्षुणीने दिलेल्या कठड्याला लेखात ‘वेयिका’, म्हणजे वेदिका, म्हटलं आहे. आणि ‘लेण’ म्हणजे लयन, राहण्याची जागा; दागिन्याच्या लेण्याशी त्याचं नातं नाही.

पलीकडे भाज्याला विण्हुदत महारथीने पाण्याचं टाकं दिलं, त्याला शब्द ‘पोढी’. हा मात्र आपण गमावला.

कार्लं आणि भाजे ज्या मुलखात आहेत, तो मावळ म्हणजे सूर्य मावळतो ती बाजू, असं सर्रास सांगतात. पण कार्ल्याच्याच लेखांत या मुलखाचं नाव ‘मामाड’, ‘मामलाहार’ असं आहे. गामाचं गाव झालं, नामाचं नाव झालं, तसंच मामलाचं मावळ झालं. मला हीच व्युत्पत्ती पटते.

मावळातल्या शिक्षकांना एक विनंती. सहलीला कार्ल्याला गेलात तर मुलांना खांबांची संख्या सांगाच, पण सेलघर, थंभ आणि वढकी हे तीन शब्द त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.