सेन (स्कॅनर प्रणाली)

सेन ही स्कॅनर व तत्सम प्रतिमाग्राहक उपकरणे संगणकावरून वापरण्यासाठी तयार झालेली मुक्त स्रोत प्रणाली असून तिच्यामागील तांत्रिक मानकासही हेच नाव आहे. ‘स्कॅनर ॲक्सेस नाऊ ईझी’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते पडले. लिनक्सवरील स्कॅनिंगच्या बहुतेक आज्ञावल्या सेनवर आधारलेल्या आहेत. उत्पादकाने ज्यांच्यासाठी लिनक्सचा ड्रायव्हर कधीच दिला नाही, किंवा विंडोजच्या नव्या आवृत्तीसाठी देणे थांबवले, असे अनेक सुस्थितीतील स्कॅनर या प्रकल्पामुळे वापरात राहिले आहेत.

इतिहास व रचना

डेव्हिड मोसबर्गर व अँड्रियास बेक यांनी १९९६ च्या सुमारास सेनचे मानक मांडले. त्यापूर्वी ट्वेन हे मानक प्रचलित होते. ट्वेनमध्ये पृथक्करण क्षमता, रंग, पानाचा आकार इत्यादी निवडण्याची खिडकी उत्पादकाच्या ड्रायव्हरमध्येच अंतर्भूत असते. सेनने हे दोन भाग वेगळे केले. स्कॅनरशी प्रत्यक्ष बोलणारा भाग म्हणजे बॅकएंड आणि वापरकर्त्यासमोर येणारा भाग म्हणजे फ्रंटएंड. आपल्या उपकरणात कोणते पर्याय आहेत व त्यांच्या मर्यादा काय, एवढेच बॅकएंड सांगतो. खिडकी कशी मांडायची हे फ्रंटएंड ठरवतो. त्यामुळे एक्ससेन, स्कॅनलाइट, किंवा खिडकीविना केवळ आदेशांवर चालणारी स्कॅनइमेज, यांपैकी काहीही वापरले तरी ड्रायव्हर तोच राहतो.

याच विभागणीमुळे स्कॅनर एका संगणकास जोडून दुसऱ्यावरून वापरता येतो. त्यासाठी सेनडी ही सेवा ६५६६ क्रमांकाच्या पोर्टवर चालते. तिच्यात माहिती सांकेतिक स्वरूपात पाठवण्याची सोय नसल्याने ती खुल्या इंटरनेटवर ठेवू नये.

असमर्थित स्कॅनरसाठी ड्रायव्हर

स्कॅनरच्या वेष्टनावरील नावावरून त्याच्या आतली चिप कळत नाही. एकाच मालिकेतील दोन प्रतिकृतींत वेगवेगळ्या चिप असू शकतात. उदाहरणार्थ, कॅननचे लाइड २० व ३० हे प्लसटेक बॅकएंडवर चालतात, तर लाइड ३५ जेनेसिस बॅकएंडवर. म्हणून ‘सेन-फाइंड-स्कॅनर’ या साधनाने उपकरणाचे यूएसबी उत्पादक व उत्पादन क्रमांक पाहणे ही पहिली पायरी ठरते. चिप ओळखीची निघाल्यास अस्तित्वातील बॅकएंडमध्ये नव्या प्रतिकृतीची माहिती जोडून कधीकधी काम भागते.

चिपची कागदपत्रे उपलब्ध नसतील तर काम फार लांबते. मूळ ड्रायव्हर विंडोजवर चालवून यूएसबी तारेतून जाणारे संदेश नोंदवायचे, एकेक पर्याय बदलून नोंदींतील फरक पाहायचा आणि त्यावरून आज्ञांचा अर्थ लावायचा, अशी ही पद्धत आहे. प्रतिमा मिळवण्यापेक्षा तिचे अंशांकन अधिक किचकट असते. दिव्याची तीव्रता व संवेदकाच्या प्रत्येक बिंदूची संवेदनशीलता जुळली नाही, तर चित्रावर उभे पट्टे उमटतात. चाचणीत धोकाही असतो: चुकीच्या आज्ञेने स्कॅनरचे शीर्ष चौकटीवर आदळू शकते. असा आवाज येताच स्कॅनरची वीज तोडावी लागते.

काही स्कॅनरांना संगणकाशी जोडल्यावर दरवेळी फर्मवेअर पुरवावे लागते. फुजित्सूचा स्कॅनस्नॅप एस३०० हा त्यांपैकी एक असून त्यासाठी एपजित्सू बॅकएंड आहे. हे फर्मवेअर उत्पादकाच्या मालकीचे असल्याने सेनबरोबर वितरित केले जात नाही. वापरकर्त्याने ते मूळ ड्रायव्हरच्या फायलींमधून काढून घ्यायचे असते. ड्रायव्हर मुक्त असूनही उपकरण पूर्णतः मुक्त होत नाही, ते येथे.

समर्थनाच्या श्रेणी

प्रकल्पाच्या सूचीत उपकरणांना संपूर्ण, चांगले, मूलभूत, किमान, अपरीक्षित व असमर्थित अशा श्रेणी दिलेल्या असतात. ‘असमर्थित’ याचा अर्थ बहुधा एवढाच की, त्यावर काम करण्यास कोणाकडे वेळ, माहिती किंवा ते उपकरण नाही.

परवाना व सद्यस्थिती

सेनचे मानक सार्वजनिक अधिक्षेत्रात असून बहुतेक बॅकएंड जीपीएल परवान्याखाली आहेत. मालकी हक्काच्या आज्ञावल्यांनाही ते जोडता यावेत म्हणून परवान्यात विशेष सवलत आहे. प्रकल्पाचे काम आता गिटलॅबवर चालते. ईएससीएल या संकेतप्रणालीवर चालणाऱ्या नव्या नेटवर्क स्कॅनरांना स्वतंत्र ड्रायव्हर लागत नाही. सेन-एअरस्कॅन हा एकच बॅकएंड त्यांपैकी बहुतेकांना पुरतो. स्कॅन केलेल्या पानांतील मजकूर ओळखण्यासाठी जीस्कॅनटूपीडीएफ हा फ्रंटएंड टेसरॅक्टची मदत घेतो आणि टेसरॅक्टमध्ये मराठीही उपलब्ध आहे.