चार स्तंभांचा स्थपति

स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यांत कॅटलोनिया नांवाचा प्रांत आहे. त्याची भाषा निराळी, इतिहास निराळा, आणि या निराळेपणाचा अभिमान तर फारच जाज्वल्य. जोसेप पुच इ कादाफाल्क यांचा जन्म १८६७ सालीं याच प्रांतांतील मातारो येथें झाला.

बार्सिलोना शहराच्या एका प्रशस्त राजमार्गावर चॉकोलेटचे कारखानदार आमात्येर यांचें घर आहे. त्याचा माथा पायऱ्यापायऱ्यांनीं निमुळता होत गेलेला असून त्यावर रंगीत फरश्या बसविल्या आहेत. हें काम पुच यांचें. तें १९०० सालीं पुरें झालें. त्याला लागूनच सुप्रसिद्ध गौदी यांनीं नटविलेलें घर असल्यामुळें पाहणारांची दृष्टि बहुधा तिकडेच वळते. पुच हे मात्र केवळ घरें बांधणारे नव्हते. प्रांतांतील जुन्या ख्रिस्ती मंदिरांच्या बांधणीवर त्यांनीं दोन सहकाऱ्यांसह मोठा ग्रंथ लिहिला, आणि १९०७ सालीं माद्रिदच्या कायदेमंडळांत त्यांची निवड झाली.

१९१४ सालीं कॅटलोनियाच्या चार जिल्ह्यांचें संयुक्त मंडळ स्थापन झालें. १९१७ पासून पुच त्याचे अध्यक्ष होते. रस्ते, टेलिफोन, ग्रंथालयें अशीं लोकोपयोगी कामें या मंडळानें केलीं. याच काळांत, १९१९ सालीं, मोंजुइक टेकडीच्या पायथ्याशीं त्यांनीं चार उंच स्तंभ उभारले. कॅटलन ध्वजावरील चार तांबड्या पट्ट्यांचें तें प्रतीक होतें.

त्या दिवसांत बार्सिलोनाच्या रस्त्यांवर मालक व मजूर यांच्या झगड्यांत खून पडत होते. म्हणून सप्टेंबर १९२३ मध्यें सेनापति प्रिमो दे रिव्हेरा यांनीं सत्ता बळकावली, तेव्हां पुच यांनीं तिचें स्वागत केलें. शांतता नांदेल आणि मंडळही वांचेल, अशी त्यांना आशा होती. पाया खणण्यापूर्वीं जमीन पारखणाऱ्या स्थपतीनें येथें मात्र ती पारखली नाहीं! थोड्याच दिवसांत कॅटलन ध्वजावर आणि सरकारी व्यवहारांतील कॅटलन भाषेवर बंदी आली. पुच यांना अध्यक्षपद सोडावें लागलें, व १९२५ सालीं मंडळच मोडण्यांत आलें. १९२८ सालीं ते स्तंभही पाडले गेले. १९२९ च्या ज्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठीं ती जागा मोकळी झाली, त्याची मूळ आखणी पुच यांचीच होती.

१९३६ सालीं यादवी युद्ध भडकलें आणि ते पॅरिसला गेले. परत आल्यावर फ्रँको यांच्या राजवटींत त्यांना नवीन इमारती बांधण्याची मनाई झाली. उरलीं वर्षें त्यांनीं विद्याव्यासंगांत घालविलीं. १९५६ सालीं बार्सिलोना येथें त्यांचें निधन झालें.

ते चार स्तंभ २०१० सालीं पुन्हां उभे राहिले. मूळ जागीं १९२९ चें कारंजें असल्यानें ते थोड्या अंतरावर आहेत.