घोडा एकटाच परत आला

मागच्या ऑगस्टमधली गोष्ट. तीन आठवडे रिलीजच्या धबडग्यात गेल्यावर एकदाचा लाँग वीकेंड मिळाला आणि मी पुण्याहून थेट नागपूर गाठलं. तिथे माझा कॉलेजातला रूममेट राहतो. त्याची बुलेट आणि आमच्या घरी धूळ खात पडलेली माझी जुनी पल्सर. बेत साधा होता: नागपूर, वरोरा, चंद्रपूर, आष्टी, आलापल्ली आणि जमलंच तर भामरागड. भर पावसाळ्यात गडचिरोलीत बाईकवर जाऊ नका असं झाडून सगळ्यांनी सांगितलं. आम्हाला जायला तेवढं कारण पुरेसं होतं.

रूममेट चंद्रपूरचा, ख्रिश्चन. त्याचे आजोबा मिशनचे प्रचारक होते, सायकलवरून गावोगाव फिरायचे. मी स्वतः देवाच्या बाबतीत कुंपणावर बसलेला माणूस. हॉस्टेलमध्ये या विषयावर आमची रात्र-रात्र भांडणं व्हायची. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं: "बायबल समजायचं तर आधी गाडी काढ. निम्मं पुस्तक रस्त्यावर घडतं."

आता विचार केला तर त्यात तथ्य आहे. पौलाला साक्षात्कार होतो तो दिमिष्काच्या वाटेवर. पुनरुत्थानानंतर येशू दोन शिष्यांबरोबर चालतो ते अम्माऊसच्या वाटेवर, आणि त्यांना तो ओळखूही येत नाही. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या रस्त्यावरची. प्रेषितांच्या पुस्तकात तर सुरुवातीच्या विश्वासणाऱ्यांच्या पंथाला 'मार्ग' असंच म्हटलंय. ज्या मुलखात लाखो माणसं आषाढात पंढरपूरला चालत जातात, तिथे ही कल्पना वेगळी समजावून सांगायला नको.

बाईक आणि चर्च ही जोडीही नवी नाही. लंडनमध्ये 1959 साली चर्चचा युवक क्लब म्हणून '59 क्लब' सुरू झाला. 1962 मध्ये बिल शेरगोल्ड नावाच्या पाद्र्याने त्याचे दरवाजे लेदर जॅकेटवाल्या, बदनाम पोरांना उघडले. हा पाद्री स्वतः मोटरसायकल चालवायचा. अमेरिकेत 1975 मध्ये हर्ब श्रीव्ह या पास्टरने ख्रिश्चन मोटरसायकलिस्ट्स असोसिएशन काढली. बिनसलेल्या मुलाशी पुन्हा बोलणं व्हावं म्हणून त्याने बाईक घेतली होती, त्यातून हे उभं राहिलं. पण आपल्याकडची गोष्ट याच्या कितीतरी आधीची आहे. फक्त तिच्यात बाईकऐवजी घोडा आहे.

नागपूरहून निघाल्यावर पहिला चहा बुटीबोरीला. एमआयडीसीचे ट्रक, टपरी, रिपरिप पाऊस. रूममेट म्हणाला, "याच भागात हिस्लॉप वाहून गेला."

मला हिस्लॉप म्हणजे नागपूरचं कॉलेज एवढंच माहीत. तिथे क्रिकेट खेळायला गेलो होतो, पण हा माणूस कोण हे विचारायची बुद्धी कधी झाली नव्हती. घरी आल्यावर मग बसून वाचून काढलं.

स्टीफन हिस्लॉप. जन्म 1817, स्कॉटलंडमधलं डन्स. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा मिशनरी म्हणून 1844 च्या अखेरीस मुंबईत उतरला आणि 1845 मध्ये नागपूरला पोहोचला. तेव्हा तिथे भोसल्यांचं राज्य होतं. त्याने शाळा काढली. तिच्यातूनच पुढे, त्याच्या मृत्यूनंतर, 1883 मध्ये त्याच्या नावाचं कॉलेज निघालं. पावसाळा संपला की घोड्यावर बसायचं आणि गावोगाव हिंडायचं, हा त्या काळच्या मिशनऱ्यांचा शिरस्ता. हिस्लॉपचं वेगळेपण असं की घोड्यावर असताना त्याचं लक्ष रस्त्यातल्या दगडांकडेही असायचं. सहकारी रॉबर्ट हंटर आणि तो, दोघे मिळून जीवाश्म गोळा करायला लागले. वरोऱ्याच्या बाजूच्या मांगली गावच्या दगडात एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. 'डायनोसॉर' हा शब्द ज्याने घडवला त्या रिचर्ड ओवेनने 1855 मध्ये तिचं वर्णन छापलं आणि नाव दिलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. वय अंदाजे 25 कोटी वर्षं. नागपूरच्या तळ्यांतल्या एका सूक्ष्म जलचराच्या प्रजातीला हिस्लॉपिया नाव मिळालं, एका हिरवट खनिजाला हिस्लॉपाइट. गोड्या पाण्यातले शिंपले, दगडात उमटलेली पानं, काय वाट्टेल ते तो जमवायचा.

म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर डे जॉब धर्मप्रचाराचा आणि साइड प्रोजेक्ट भूगर्भशास्त्राचा. फक्त त्याच्या लेखी हे दोन वेगळे नसावेत. ज्याने जग केलं त्याच्या हातचं काम बघायचं, तर दगडही वाचायला हवा, असा काहीसा हिशोब.

पण त्याची खरी मोठी कमाई दगडांत नाही. फिरता फिरता त्याने गोंडी शब्द टिपले, चालीरीती टिपल्या आणि एका परधानाकडून लिंगोचं गीत उतरवून घेतलं. परधान म्हणजे गोंडांच्या कथा-गाणी पिढ्यान्‌पिढ्या जपणारे लोक. हे गीत म्हणजे गोंडांच्या उत्पत्तीची, त्यांच्या देवांची, सुटकेची कथा. आज कचारगडच्या यात्रेला लाखो गोंडी माणसं ज्या पहांदी पारी कुपार लिंगोचा जयजयकार करतात, त्याचीच. मूळ गोंडी शब्द आणि त्याखाली अर्थ, असा हा मजकूर हिस्लॉपच्या मृत्यूनंतर त्याच्या कागदपत्रांत सापडला. मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल याने तो 1866 मध्ये संपादित करून छापला.

जरा थांबून विचार करा. माणूस निघाला होता आपलं पुस्तक लोकांना द्यायला. परत आला तो लोकांचंच न लिहिलेलं पुस्तक वहीत उतरवून. धर्मांतरांचा आकडा मोजला तर त्याच्या अठरा वर्षांच्या खटपटीचं फळ फार मोठं नव्हतं. कुठल्याही ॲन्युअल अप्रेझलमध्ये बिचारा नापास झाला असता :-)

आता दुसरी बाजूही बघायला हवी, नाहीतर ही नुसती आरती होईल. 1853 च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले आणि कंपनीने नागपूरचं राज्य खालसा केलं. 1858 मध्ये चांद्याच्या भागात बाबुराव शेडमाके या तरुण गोंड जमीनदाराने इंग्रजांविरुद्ध बंड केलं. 21 ऑक्टोबर 1858 ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं गेलं. या मुलखातल्या गोंडाला घोड्यावरून येणारा गोरा दिसला की तो वही घेऊन आलाय की दोर घेऊन, हे कसं कळणार? हिस्लॉपच्या अंगावर गणवेश नव्हता, पण कातडी तीच होती. त्याचं हस्तलिखित छापणारा माणूसही प्रांताचा सर्वोच्च सत्ताधारीच. मिशनरी कितीही सज्जन असला तरी त्याच्या वाटेवरची चौकी साम्राज्याची होती. मी हे रूममेटला म्हणालो तेव्हा तो वाद घालेल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "माझे आजोबा म्हणायचे, गोऱ्या साहेबांनी आम्हाला पत्ता दिला. चाललो मात्र आम्ही आमच्या पायांनी."

चंद्रपुरात त्याचं चर्च पाहिलं. इथलं मिशन स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचं. गंमत म्हणजे त्याच्या सुरुवातीच्या काळातला महत्त्वाचा माणूस गोरा नव्हताच, तो होता एक चित्पावन शास्त्री! नीलकंठशास्त्री गोरे. घराणं काशीला स्थायिक झालेलं, षड्दर्शनं कोळून प्यालेली. ख्रिस्ती धर्माचं खंडन करायला म्हणून वाचायला बसले आणि 1848 मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरामागे यांच्या युक्तिवादाचा मोठा वाटा होता. 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला ते काही काळ चांद्याला होते. त्यांच्याबद्दल मला सर्वांत भावलेली गोष्ट अशी की शंकांनी त्यांचा पाठलाग आयुष्यभर सोडला नाही. घर सुटलं, जात सुटली, पण शंका काही सुटल्या नाहीत. तरी 1895 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते वाट चालतच राहिले.

पुढे अलेक्स वुड हा मिशनरी चांद्याला आला. त्याने 1906 मध्ये या मिशनवर एक पुस्तक लिहिलं, 'इन अँड आउट ऑफ चांदा'. पुढे तो नागपूरचा बिशप झाला. त्याच्या पुस्तकाचं नावच माझ्या रूममेटच्या आजोबांचं वेळापत्रक होतं: चांद्याच्या आत, चांद्याच्या बाहेर.

आम्हीही बाहेर पडलो. आष्टीला वैनगंगा दुथडी भरून वाहत होती. आलापल्लीच्या पुढे सागवानाचं जंगल सुरू झालं, पाऊस वाढला. आणि भामरागडच्या रस्त्यावर एका ठेंगण्या पुलावरून पाणी जाताना दिसलं. फार नाही, गुडघाभर असेल. आमच्यासमोर एक जीप गेली पलीकडे. मी पल्सर पहिल्या गिअरमध्ये टाकली. भामरागड जेमतेम तासाभरावर, हेमलकसा त्याच्या अलीकडे, इतक्या लांब आलोय, आता काय परत फिरायचं?

रूममेटने पुढे येऊन चक्क माझी किल्ली काढून घेतली.

मी चिडून म्हणालो, "तुझा विश्वास कुठे गेला?"

तो म्हणाला, "सैतानानेही येशूला हेच म्हटलं होतं. देवळाच्या कळसावर नेलं आणि म्हणाला, मार उडी, देवदूत झेलतील. येशू नाही म्हणाला. देवाला टेस्ट एन्व्हायर्नमेंट समजू नकोस."

आम्ही मागे फिरलो. वाटेत एक पोरगा चेन तुटलेली मोपेड ढकलत होता, मागे म्हातारी आई. वीस मिनिटं पावसात थांबून आम्ही चेन कशीबशी जोडून दिली. या कामात माझा सहभाग टॉर्च धरण्यापुरताच. आमच्या आधी त्याच्याजवळून किती गाड्या गेल्या असतील कोण जाणे. यरीहोच्या रस्त्यावरून जाणारे याजक आणि लेवीही टूरवरच होते की! शोमरोन्याचा फरक एवढाच, की त्याने ब्रेक लावला.

हिस्लॉपचं शेवटचं पान आता सांगतो. 4 सप्टेंबर 1863. बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला हिस्लॉप आणि टेंपल प्राचीन शिळावर्तुळं बघायला गेले होते. टेंपल पुढे छावणीवर गेला. हिस्लॉप बोरीच्या शाळेत पोरांची परीक्षा घ्यायला मागे थांबला. तिथून घोड्यावर निघाला तोवर अंधार पडला होता. मधल्या ओढ्याला पाणी चढलं होतं. छावणीत घोडा एकटाच परत आला. लोक कंदील घेऊन धावले. देह पाण्यात सापडला. आणखी चार दिवसांनी तो सेहेचाळीस वर्षांचा झाला असता.

पुढे शंभरेक वर्षांनी टाकळघाट-खापाच्या शिळावर्तुळांचं शास्त्रशुद्ध उत्खनन नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी केलं. विदर्भातल्या अशा वर्तुळांत माणसांबरोबर घोडे पुरलेले सापडतात, तोंडातल्या लोखंडी लगामासकट. स्वाराला घोड्याशिवाय पाठवायचं नाही अशी त्या लोकांची समजूत असावी.

आलापल्लीच्या लॉजवर ओले मोजे पंख्याखाली वाळत टाकून आम्ही पडलो होतो. मी विचारलं, "मग हिस्लॉपने पाण्यात घोडा घातला ते काय होतं? तोही परत फिरू शकला असता."

रूममेट बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माहीत नाही. पण तो मोठेपणा दाखवायला नव्हता चालला. पोरांची परीक्षा घेऊन घरी चालला होता. तू कशाला चालला होतास?"

मी काही बोललो नाही. खरं उत्तर होतं, फोटो.

मी अजूनही कुंपणावरच आहे. पण इतकं कळलं की श्रद्धा म्हणजे पूल दिसत नसताना गाडी दामटणं नाही, आणि हिमतीचं प्रमाणपत्र तर नाहीच नाही. अंधारात हेडलाइट पन्नास फूट दाखवतो, तेवढे फूट जायचं, मग पुढचे पन्नास. अधेमधे कुणी चेन तुटून उभा असेल तर थांबायचं. कधी वहीत दुसऱ्याचं गाणं उतरवायचं. आणि गरज पडली तर मागे फिरायचं.

असो. भामरागड राहिलंय. या वेळी जानेवारीत जाऊ. आणि किल्ली आधीच रूममेटकडे देऊन ठेवणार आहे.