राळेगणची पेन्शन

राळेगणसिद्धीची गोष्ट महाराष्ट्रात बहुतेकदा एकाच साच्यात सांगितली जाते. युद्धातून वाचलेला जवान गावी परतला, त्याने लष्करी शिस्त लावली आणि पारनेर तालुक्यातलं दुष्काळी गाव हिरवंगार झालं. यातल्या घटना खऱ्या आहेत, पण त्यांचं कारण म्हणून जे सांगितलं जातं ते पटण्यासारखं नाही. किसन बाबूराव ऊर्फ अण्णा हजारे यांनी फौजेतून गावात जे आणलं, त्यात शिस्तीपेक्षा पेन्शन जास्त मोलाची होती. गावात राहूनही गावातल्या कोणाच्या मिंधेपणात न राहण्याची मोकळीक त्या पेन्शनीने दिली आणि पुढचं काम त्या मोकळिकीवर उभं राहिलं.

हजारे यांचं घराणं थोड्याशा कोरडवाहू जमिनीचं. १९६५च्या युद्धात ते खेमकरण भागात लष्करी गाडीचे चालक होते. हल्ल्यात सोबती गेले, ते बचावले. १९७५मध्ये ते गावी परतले तेव्हा १९७२च्या दुष्काळाच्या खुणा ताज्या होत्या. वर्षाला जेमतेम चारपाचशे मिलिमीटर पाऊस पडायचा आणि तोही उघड्या माळावरून वाहून जायचा. शेतीवर पोट भरेना, म्हणून बरीच घरं बाहेरच्या मजुरीवर आणि काही हातभट्टीवर चालत. यादवबाबांच्या मंदिराचं लाकूडही भट्टीत गेलं होतं. अशा गावात जवळपास प्रत्येक माणूस दुसऱ्या कोणाचा तरी बांधील असतो: सावकाराचा, विहीरवाल्याचा, भावकीचा. चराई बंद करा असं कोणी म्हटलं, की आधी त्याच्या शेळ्या मोजल्या जातात. बंधारा कुठे घालायचा यावर कोणी मत दिलं, की त्याचं शेत त्या ओढ्याच्या खाली आहे का, हे पाहिलं जातं. हा संशय अनाठायी नसतो. पाणलोटाच्या कामात माथ्यावरची जमीन आणि गुरं राखणारे भूमिहीन आधी झळ सोसतात, तर पाणी मुरून वर येतं ते खालच्या विहिरींत. हजारे अविवाहित होते, मंदिरात राहत आणि पेन्शनीवर भागवत. निवृत्तीच्या वेळी हाती आलेला पैसा त्यांनी मंदिराच्या जीर्णोद्धारात घातला. त्यांचा स्वार्थ शोधायला जागाच उरली नाही. म्हणूनच गळका पाझर तलाव श्रमदानाने दुरुस्त करायला लोक आले, आणि नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान ही पंचसूत्री एका माणसाची लहर न ठरता गावाचा नियम झाली.

शिस्तीचा पुरावा म्हणून दारुड्यांना खांबाला बांधून फटके मारल्याचे प्रसंग सांगितले जातात. हजारे यांनी ते कधी लपवले नाहीत आणि ग्रामलोकशाहीच्या अभ्यासकांनी त्यावर घेतलेले आक्षेप रास्तच आहेत. पण धाकाने भट्टी विझवता येते, वर्षानुवर्षं समतल चर खोदून घेता येत नाहीत. शेजारच्या तालुक्यातल्या हिवरे बाजारकडे पाहिलं की हे स्पष्ट होतं. तिथे १९८९मध्ये सरपंच झालेले पोपटराव पवार एम.कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे. वर्दीशी त्यांचा संबंध नव्हता. तरी जवळपास त्याच बंदी आणि तेच श्रमदान तिथे रुजलं. मग पेन्शनही गरजेची नव्हती, असं कोणी म्हणेल. गरजेची होती ती मोकळीक. पवारांना ती शिक्षणाने मिळाली, हजाऱ्यांना फौजेच्या पेन्शनीने.

दुसरा आक्षेप सरकारी पैशाचा. बांधबंदिस्ती सरकारी योजनांतून झाली हे खरं, आणि पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांनी चालवलेल्या पाणी पंचायतीचा धडाही राळेगणपुढे होता. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता कुटुंबातल्या माणसांवर ठरवायचा आणि ऊस लावायचा नाही, ही तिथली रीत होती. पण सरकारी पैसा तालुक्यातल्या इतर गावांतही पोचत होता, आणि राळेगणचा तलावही सरकारी असूनच गळत होता. उणीव होती ती सगळ्यांना मान्य होईल अशा तिऱ्हाइताची.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. नगर, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांत पेन्शनर फौजी गावोगाव आहेत, मग सगळीच गावं राळेगण का झाली नाहीत? कारण पेन्शन बहुतेक घरात मुलीच्या लग्नाला, विहिरीला, मुलांच्या शाळेला लागते, आणि त्यात वावगं काही नाही. पेन्शन शक्यता देते, सक्ती करत नाही. १९९२मध्ये आदर्श गाव योजना आली तेव्हा राज्याने राळेगणच्या बंदी आणि श्रमदान उचललं, कारण ते शासन निर्णयात लिहिता येतं. ज्याचं पोट गावावर अवलंबून नाही असा माणूस गावाला कसा मिळेल, हा प्रश्न मात्र बाजूला राहिला. स्वयंसेवकाच्या त्यागाचे आपण गोडवे गातो, पण राळेगणचा त्याग सरकारी तिजोरीतून दरमहा येणाऱ्या रकमेवर उभा होता. तसे कार्यकर्ते आणखी हवे असतील, तर त्यांच्या भाकरीची सोय कोण करणार, हे आधी ठरवावं लागेल.