डिझेल निष्कास उत्प्रेरक

डिझेल निष्कास उत्प्रेरक म्हणजे डिझेल इंजिनाच्या धुरातील विषारी घटकांचे रासायनिक अभिक्रियेने निरुपद्रवी वा कमी अपायकारक पदार्थांत रूपांतर करणारे उत्प्रेरक होत. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ (बीएस ६) मानके लागू झाल्यावर नव्या डिझेल वाहनांत त्यांचा वापर सार्वत्रिक झाला.

कार्यपद्धती

डिझेल इंजिन गरजेपेक्षा अधिक हवेत इंधन जाळते. त्यामुळे धुरात प्राणवायू शिल्लक राहतो आणि पेट्रोल मोटारींतील त्रिमार्गी उत्प्रेरक नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे क्षपण करू शकत नाही. म्हणून शुद्धीकरण टप्प्यांनी केले जाते:

• ऑक्सिडीकरण उत्प्रेरक: मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीवरील प्लॅटिनम व पॅलेडियम कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेल्या हायड्रोकार्बनांचे ऑक्सिडीकरण करतात.
• कण गाळणी: काजळी अडवते, साचलेली काजळी ठरावीक काळाने उष्णतेने जाळली जाते.
• निवडक उत्प्रेरकी क्षपण: ३२.५ टक्के युरियाचे द्रावण (डीईएफ) गरम धुरात फवारले जाते. त्यापासून बनलेला अमोनिया व्हॅनेडियम ऑक्साइड अथवा तांबे किंवा लोहयुक्त झिओलाइटवर नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे नायट्रोजन व पाण्यात रूपांतर करतो.

गंधकामुळे उत्प्रेरकांची कार्यक्षमता घटते. त्यामुळे डिझेलमधील गंधकाची मर्यादा बीएस ४ मधील ५० पीपीएमवरून बीएस ६ मध्ये १० पीपीएमवर आणली गेली.

अमरावती व अकोला

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात अमरावती व अकोला या दोन्ही शहरांचा समावेश आहे. हवेची राष्ट्रीय मानके सातत्याने न गाठणारी शहरे या कार्यक्रमासाठी निवडली गेली. सुरतेहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ या दोन्ही शहरांच्या परिसरातून जातो आणि त्यावर मालवाहू ट्रकांची मोठी वर्दळ असते.

वऱ्हाडातील उन्हाळा डीईएफच्या साठवणुकीस प्रतिकूल आहे. २५ अंश सेल्सिअसपर्यंत हे द्रावण सुमारे १८ महिने टिकते. ३० अंशांवर ही मुदत सुमारे १२ महिन्यांवर येते व त्यापुढे झपाट्याने घटते. अकोल्यात मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. त्यामुळे द्रावण उन्हात न ठेवता सावलीत, बंद डब्यांत ठेवावे लागते.

शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून डीईएफ म्हणून वापरता येत नाही. त्यातील बाययुरेट, धातूंचे अंश आणि कडुनिंबाच्या तेलाचा लेप यांमुळे फवारणीचे तोंड बुजते व उत्प्रेरक निकामी होऊ शकतो.

मर्यादा

उत्प्रेरकाला कार्य करण्यासाठी साधारणतः २०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. शहरातील संथ व थांबत-थांबत होणाऱ्या प्रवासात धूर पुरेसा तापत नाही. परिणामी शुद्धीकरण अपुरे राहते आणि गाळणी लवकर भरते. ट्रॅक्टरांसाठी १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेली ट्रेम ४ मानके ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या इंजिनांपुरती आहेत. २०२० पूर्वीची अनेक वाहनेही या संपूर्ण यंत्रणेविना धावतात.