चित्रकथांतील वीर

१९६४ सालीं ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघालें आणि फँटम आपल्याकडील मुलांच्या हातीं आला. वीर गोरा, त्याच्या आश्रयास असलेलीं अरण्यवासी माणसें मात्र काळींसांवळीं! मुखेडच्या पोरानें त्यांत स्वतःस कोठें शोधावें? १९६७ पासून अनंत पै यांच्या ‘अमर चित्रकथे’नें देशी वीर आणले खरे, परंतु त्यांत देव आणि राजेच फार.

१९७८ च्या जुलैंत मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळानें केला आणि मराठवाड्यांत दलितांचीं घरें जळालीं. पुढच्याच वर्षीं त्या मालेंत आंबेडकरांचें चरित्र निघालें. चित्रें दिलीप कदम यांचीं. शाळेंत गोणपाटावर वेगळा बसविलेला, पाण्याच्या भांड्यास शिवूं न दिलेला मुलगा येथें नायक होता! तसेंच भोगलेल्या घरांतील बालकास ही ओळख केवढी मोलाची! विद्यापीठाच्या नांवांत मात्र तें नांव यावयास १९९४ साल उजाडावें लागलें.