संशोधनातले शोधन

हिंदी वर्तमानपत्रात ‘संविधान संशोधन’ हे शब्द दिसले की मराठी वाचक क्षणभर थबकतो. आपली घटनादुरुस्ती ते हिंदीचे संशोधन, आणि आपण पीएच.डी.साठी करतो ते हिंदीत शोध किंवा अनुसंधान. मूळ अर्थाला हिंदी अधिक धरून आहे. ‘शुध्’ म्हणजे स्वच्छ होणे. शोधन म्हणजे मळ काढणे. सोन्याचे शोधन व्हायचे, पाऱ्याचे व्हायचे, पोथीचेही व्हायचे. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीतले अपपाठ दूर केले, ते या अर्थाने अस्सल संशोधन. मराठीत ‘शोधणे’ पुढे हुडकण्याकडे सरकले. इंग्रजी ‘रिसर्च’ची वाट निराळी: तो फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधले गोल फिरणे आहे.

जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत प्रोटॉन 27 किलोमीटरच्या कड्यात खरोखरच गोल फिरतात. तरीही तिथे दुर्मिळ टकरींवर प्रबंध लिहिणाऱ्याचे काम मला आपल्याच शब्दात नेमके सापडते, कारण तिथे धुतल्याशिवाय काही सापडतच नाही.

प्रोटॉनचे पुंजके सेकंदाला 4 कोटींपर्यंत वेळा एकमेकांतून जातात. ‘ट्रिगर’ नावाची यंत्रणा त्यातल्या हजारांत मोजण्याइतक्याच घटना ठेवते. बाकीच्या तिथल्या तिथे पुसल्या जातात. एकाच टकरीत चार टॉप क्वार्क (हे जड मूलकण) निर्माण होणे हे टॉपची एक जोडी निर्माण होण्यापेक्षा सुमारे 70 हजारपट विरळ. अॅटलस आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांनी 2023 मध्ये ते पाहिल्याचे जाहीर केले. टॉप क्वार्क जन्मताच विघटतो. शोधकयंत्रात उरतात त्या कणांच्या झोताच्या, इलेक्ट्रॉनच्या, म्युऑनच्या खुणा, आणि तशाच खुणा इतर अनेक प्रक्रिया मागे ठेवतात. भौतिकीत त्यांना पार्श्वभूमी म्हणतात. हा शब्द मला पटत नाही. ‘पार्श्व’ म्हणजे बाजू. इथे तर समोरचे जवळजवळ सगळेच पार्श्वभूमी असते.

अॅटलसने चार टॉपच्या टकरी वेगळ्या काढण्यासाठी वापरलेले ग्राफ न्यूरल नेटवर्क प्रत्येक खुणेला बिंदू मानते, बिंदू रेषांनी जोडते आणि त्या जोडणीवरून टकरीला गुण देते. ते शिकते मात्र संगणकात रचलेल्या टकरींवर, कारण त्यांचे खरे उत्तर आधीच माहीत असते. म्हणजे बुद्धीही कृत्रिम आणि टकरीही कृत्रिम. ‘कृत्रिम’ या शब्दाला आज खोटेपणाचा वास येतो, तो नंतरचा. पाणिनीच्या हिशेबाने ‘कृ’पासून झालेले कृत्रिम म्हणजे करण्यातून निपजलेले, एवढेच. मनुस्मृतीतल्या बारा प्रकारच्या पुत्रांत ‘कृत्रिम’ पुत्र आहे. तो मानलेला असतो, नकली नव्हे. या रचलेल्या टकरी खऱ्यांशी कुठवर जुळतात हे तपासण्यात प्रबंधाची बरीच पाने जातात. जुळणीची खात्री होईपर्यंत, जिथे संकेत, म्हणजे हवी ती टक्कर, अपेक्षित आहे तो खऱ्या नोंदींचा भाग विद्यार्थ्याने उघडायचाही नसतो. ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

‘निवडणे’ हा शब्दही इथे उपयोगी पडतो. तांदूळ निवडताना हात उचलतो खडे. उमेदवार निवडताना उचलतो हवा तो माणूस. एकच क्रियापद टाकण्याचे आणि घेण्याचे. गुणांची रेषा कुठे आखायची यात दोन्ही एकदम घडते: रेषा वर नेली तर मळ जातो, पण मोजक्या खऱ्या टकरीही जातात.

आता निवडीचा आणखी एक प्रकार आला आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था ज्यात सहभागी आहे, त्या सीएमएसने 2024 मध्ये ट्रिगरच्या पहिल्याच टप्प्यावर असे न्यूरल नेटवर्क चालवले, की ज्याला काय हवे ते सांगितलेलेच नाही. त्याला फक्त नेहमीच्या घटना शिकवल्या आहेत. त्यांत न बसणारी घटना ते बाजूला ठेवते. अशा घटनेसाठी ‘विसंगती’ हा शब्द वापरला जातो, पण त्यात चुकीची छटा आहे. मी ‘अनोळखी टक्कर’ म्हणेन: यंत्राला जिची ओळख करून दिलेली नाही, ती.